फ्रान्सच्या घाटात, सायकलवरून

आमचे अप्पा प्राथमिक शाळेत मास्तर होते. आमचं गाव वेंगुर्ला रस्त्यापासून आत, शाळा पलीकडच्या गावात. रोजचे जाऊन-येऊन 18 किलोमीटर आणि वाहन म्हणजे काळी ॲटलास सायकल. गावाबाहेरची चढण आली की अप्पा खाली उतरायचे आणि मला कॅरिअरवर तसंच बसवून सायकल हातानं ढकलत वर न्यायचे. शेजारून एखादी फटफटी धुरळा उडवत निघून जायची. मागं बसलेल्या मला फार लाज वाटायची. कॅरिअरवरून उडी मारून ढकलायला हात लावावा, हे काही सुचायचं नाही.

हे सगळं आठवलं ते फ्रान्समधल्या एका घाटात. 2023 च्या जूनमध्ये मी ल्यों शहरात भाच्याकडे गेलो होतो. तो तिथं नोकरीला आहे. पॅरिस बघून झालं होतं. आता आल्प्सचा बर्फ दाखवतो म्हणाला, तर मी म्हटलं, "बर्फ राहू दे, मला सेंत एत्येनचा घाट चढायचाय, सायकलनं." इतिहास शिकवणाऱ्या मामाचा हा हट्ट त्याला कळेना. पण त्यानं सायकली भाड्यानं आणल्या, मागं दोन्ही बाजूंना पिशव्या लावल्या आणि आम्ही लोकल गाडीत सायकली चढवून तासाभराच्या आत सेंत एत्येनला उतरलो. सायकलसाठी डब्यात जागा राखलेली असते.

सेंत एत्येन हे कोळशाचं, बंदुकांचं, रेशमी फितींचं आणि सायकलींचं जुनं गाव. दक्षिणेला गाव संपता संपता चढ सुरू होतो आणि 12-13 किलोमीटरवर 1161 मीटर उंचीची खिंड लागते. तिचं नाव कोल द ला रेपुब्लिक. 1903 साली पहिली टूर द फ्रान्स झाली तेव्हा स्पर्धक याच खिंडीतून गेले. त्या स्पर्धेत हजार मीटरवर चढलेली ही पहिली खिंड. पुढच्याच वर्षी इथं रात्रीच्या अंधारात गावकऱ्यांनी आपल्या माणसाला जिंकवण्यासाठी बाकीच्या स्पर्धकांना काठ्यांनी बडवलं होतं. कुस्तीच्या फडात आपल्याकडे होतं तसंच म्हणायचं!

पण मी आलो होतो तो दुसऱ्याच एका माणसासाठी. पॉल द विव्ही हे त्याचं नाव, जन्म 1853 चा, धंदा रेशमाचा. सायकलचं वेड लागलं आणि धंदा मागं पडला. 1887 मध्ये त्यानं सायकलला वाहिलेलं नियतकालिक काढलं आणि 'वेलोसिओ' या नावानं तो लिहू लागला. याच घाटात एकदा त्याचा एक वाचक तोंडात पाइप धरून आरामात त्याच्या पुढं निघून गेला, असं सांगतात. वेलोसिओच्या डोक्यात किडा शिरला. सायकल सपाटीला वेगळी, चढाला वेगळी का असू नये? तेव्हाच्या सायकलला एकच दातेरी चक्र, म्हणजे एकच वेग. त्यानं दोन चक्रं बसवून बघितली. सुरुवातीला खाली उतरून चेन हातानं एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकावी लागे. पुढं त्यानं आणि त्याच्या मित्रांनी खटपटी करून चालत्या सायकलवर चेन बदलायची सोय लोकप्रिय केली. आज पोरांच्या सायकलीला असतात ते गिअर याच खटपटीतून पुढं आले.

आणि याला विरोध कुणाचा, तर टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजचा! गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी, मर्दानं आपल्या पायांच्या ताकदीवर जिंकावं, असा त्याचा सूर. स्पर्धेत गिअर बदलायची साखळीयंत्रणा वापरायला परवानगी मिळाली ती थेट 1937 मध्ये. मी 46 वर्षांचा. देग्रांजच्या हिशेबानं मला गिअर माफ होते.

सकाळी आठला चढायला लागलो. रस्ता रुंद, पण मोटारी अदबीनं जात होत्या. गावाबाहेर सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं, असा तिथला कायदाच आहे, आणि लोक तो पाळतात हे विशेष. पाचेक किलोमीटरनंतर जंगल सुरू झालं. आंबोलीचं जंगल म्हणजे वेली, झुडपं, ओल आणि बेडकांचं रान. इथं मात्र नुसती उंच, सरळ फरची झाडं. खाली अंधार, सुया पडून झालेली तपकिरी गादी आणि राळेचा वास. कापलेल्या ओंडक्यांच्या थप्प्या रस्त्याकडेला लावलेल्या. हा सगळा पिला नावाचा डोंगराळ मुलूख 1974 पासून प्रादेशिक निसर्ग उद्यान आहे. पण उद्यान म्हणजे कुंपण नव्हे. आत गावं आहेत, गाईगुरं आहेत, लाकूडतोडही चालते.

भाचा पुढं निघून गेला होता. खिंड दोन-तीन किलोमीटरवर असताना माझे गुडघे बोलू लागले. थोडा वेळ दामटलं, मग उतरलो आणि सायकल हातात धरून चालू लागलो. आपण फ्रान्सला येऊन तेच करतोय, असं मनात आलं आणि लहानपणीची ती लाज परत आली.

एवढ्यात मागून एक जोडपं आलं. बाई सत्तरीच्या तरी असतील, नवरा चार पावलं मागं. दोघांच्याही सायकलींना चार-चार पिशव्या. माझ्या चालीपेक्षा जरा जास्त वेगानं, पण गप्पा मारत चाललेली. बाई थांबल्या. मला वाटलं, पाणी विचारतील. त्यांनी माझ्या सायकलकडे वाकून बघितलं, हसल्या आणि डाव्या मुठीवरच्या खटक्यावर बोट ठेवून "प्ती, प्ती!" म्हणाल्या. प्ती म्हणजे लहान. पुढं तीन चक्रं होती आणि मी सगळा घाट मधल्याच चक्रावर चढत आलो होतो! उजव्या हाताचे गिअर तेवढे मला कळले होते. डाव्या हाताला काही असतं, हे भाच्यानं सांगितलं असेल, मी ऐकलं नव्हतं. आयुष्यभर सायकल चालवणाऱ्याला सायकलचं काय शिकायचं, या ऐटीत होतो.

सायकलवर बसलो, खटका दाबला. पाय एकदम हलके झाले. वेग माणसाच्या भरभर चालण्याएवढा, पण उतरावं लागलं नाही. बाई "बाँ कुराज!" म्हणून पुढं गेल्या.

खिंडीत वेलोसिओचं स्मारक आहे. 1922 पासून त्याचे चाहते दरवर्षी हा घाट चढतात, त्यात पोरंटोरं, म्हातारे, जोडसायकलवाले सगळे. त्यानं फिरस्त्यांसाठी सात नियम घालून दिले होते. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, वाटेत दारू, मांस, तंबाखू नको, अशा घरगुती गोष्टी. तो स्वतः शाकाहारी होता. शेवटचा नियम मात्र मनात राहिला: बडेजावासाठी पायडल मारू नका.

त्या रात्री घाट उतरून बूर अर्जांताल गावात मुक्काम. आम्हीही शाकाहारी, जेवायचं काय हा प्रश्न होता. पण ल पुई गावाकडची हिरवी मसूर इकडे घरोघर खातात. कांदा-गाजर घालून शिजवलेली ती वाटी बघून आमच्याकडच्या अख्ख्या मसुरीची आठवण झाली. तिखट तेवढं पिशवीतून काढलं. सोबत बकरीच्या दुधाचं चीज आणि पाव. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद. रविवारी दुपारनंतर तर उपासच. पाण्याची युक्ती भाच्यानं शिकवली. गावात नळ दिसला नाही तर स्मशानभूमीत जायचं. थडग्यांवरच्या फुलांना घालायला तिथं नळ असतो. 'पिण्याजोगं नाही' अशी पाटी नाही ना, एवढं बघायचं. पहिल्यांदा जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी मीच शोधू लागलो.

दुसरा दिवस पेल्युसँपर्यंत छोट्या चढउतारांचा. तिसऱ्या दिवशी काँद्रियला ऱ्होन नदीकाठी उतरलो. उतारावर दगडी पायऱ्यांची द्राक्षमळ्यांची शेती. तिथून नदीकाठचा सायकलमार्ग ल्योंकडे घेऊन जातो. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, सपाट आहे.

आपल्याकडे हल्ली 200, 300 किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' करणारी पोरं दिसतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत. हा प्रकारही फ्रान्सचाच, आणि त्यांचं कौतुकच आहे. पण तिथं दुसरीही एक मंडळी भेटतात. 1972 साली सुरू झालेला 'शंभर खिंडींचा क्लब' आहे. 100 वेगवेगळ्या खिंडी सायकलनं ओलांडायच्या, त्यांतल्या निदान पाच 2000 मीटरवरच्या. वेळेचं बंधन नाही, आयुष्य पडलंय. साक्षीदार नको, तुमची यादी हाच पुरावा. आणि वाटेत सायकल ढकलली तरी चालते.

खिंडीतून मी अप्पांना फोन लावला होता. ते आता 81 वर्षांचे.

"चढाला उतरलास काय रे?" पहिला प्रश्न.

"उतरलो, अप्पा. मग एका बाईनं गिअर दाखवला." सगळं सांगितलं.

"पुढं दाते किती? मागं किती?"

वाकून मोजले. पुढं 26, मागं 34.

"थांब," म्हणाले आणि फोन ठेवून पडवीत गेले. ॲटलास अजून तिथं आहे. बराच वेळ काही ऐकू येईना. मग आवाज आला, "पुढं 44, मागं 18. तुझं पायडल एकदा फिरलं की चाक एक वेढासुद्धा पुरा घेत नाही. माझ्या सायकलचं चाक अडीच वेढ्यांच्या जवळ जायचं. म्हणजे तू दीडेक मीटर पुढं, तर मी पाच मीटरांवर. त्यात तू मागं कॅरिअरवर." थोडं थांबून म्हणाले, "मग उतरायलाच हवं होतं की."