शीच्या भांड्यापर्यंत आगगाडी

दीड-दोन वर्षांचे मूल घरभर दुडदुडू लागले की आईच्या मागे एक नवेच काम लागते. खेळता खेळता मूल दाराआड जाते, गप्प उभे राहते आणि चड्डीतच शी करते. सकाळी नळाला पाणी आलेले, डबा व्हायचा, कामावर जायची घाई. अशा वेळी हात उठतो. भगिनींनो, तो हात आवरावा. मार खाल्लेले मूल शी दाबून ठेवायला शिकते. दाबलेली शी खड्यासारखी घट्ट होते, करताना दुखते, आणि दुखते म्हणून मूल पुन्हा दाबते.

खरे तर दाराआड जाणे ही चांगलीच खूण आहे. पोटातले त्याला कळू लागले आहे. चड्डी दोनेक तास कोरडी राहते, मूल स्वतः चालते, बसते, उठते, साधे सांगितलेले समजते, एवढे दिसले की सुरुवात करावी. बहुतेक मुलांची ही तयारी दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान होते. शेजारणीचे मूल आधी शिकले म्हणून आपले मठ्ठ ठरत नाही.

एका खोलीच्या घरात भांडे मोरीजवळच असते. अंतर चार पावलांचे, पण खेळ सोडून ती चार पावले टाकणे मुलाच्या जिवावर येते. म्हणून त्या चालण्याचाच खेळ करावा. आई इंजिन, पदर धरलेले मूल डबा. पलंग हे पहिले स्टेशन, पाण्याचा माठ दुसरे, भांडे शेवटचे. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी गाडी सोडावी. पोटात अन्न पडले की आतडी हलू लागतात. भांड्यावर चार-पाच मिनिटे बसवणे पुरे. काही झाले नाही तर न रागावता गाडी माघारी आणावी. काही दिवसांनी मुलाला इंजिन करावे, आपण डबा व्हावे, आणि इंजिन आपणहून मोरीकडे कधी वळते ते पाहावे.

बेडूकचालही फार उपयोगी. चार पावले चालायचे, उकिडवे बसायचे, जमिनीवरची वाटी उचलायची, पुन्हा उठायचे. पुढे संडासात तोल सांभाळायला हेच पाय लागतात. चिंचोके, बिया मात्र उचलायला देऊ नयेत, त्या तोंडात जातात. धावता धावता ‘थांब!’ म्हटले की पुतळा व्हायचे, हाही खेळ घ्यावा. थांबल्यावर विचारावे, ‘शू आली का?’ मोरीत भरलेली बादली उघडी नको, आणि मुलाला तिथे एकटे सोडू नये.

आई कामाला जात असेल तर मूल सांभाळणाऱ्या आजीला किंवा शेजारच्या मावशीला आपला खेळ आणि आपले शब्द सांगून ठेवावेत. वडिलांनीही इंजिन व्हावे, आणि भांडे धुवावे. ते आईचेच काम असे कुठे लिहिलेले नाही! लहान मुलाच्या शीनेही रोग पसरतात, म्हणून ती गटारात न टाकता संडासातच टाकावी आणि मुलाचे व आपले हात साबणाने धुवावेत. शी करताना मूल रडत असेल, रक्त दिसत असेल किंवा शू करताना जळजळ होत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

रात्रीचे वेगळे. दिवसा शिकलेली पुष्कळ मुले पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले करतात. तोवर गोधडीखाली मेणकापड घालावे.