विश्लेषण : रेणू तोच, स्फटिक वेगळा… औषधाचा गुण यामुळे कसा बदलतो?

एचआयव्हीवरील ‘रिटोनाविर’ हे औषध १९९६ मध्ये बाजारात आले आणि दोनच वर्षांत त्याच्या कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. औषधात भेसळ नव्हती, रासायनिक सूत्रही तेच होते. बदलली होती ती फक्त रेणूंची मांडणी. असे का होते आणि त्यावर ताबा मिळवता येतो का? केंब्रिज विद्यापीठात गंधकयुक्त संयुगावर झालेल्या प्रयोगांतून याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळते.

बहुरूपता म्हणजे काय?

एकाच पदार्थाचे रेणू स्फटिकात वेगवेगळ्या पद्धतीने रचले जाऊ शकतात. यालाच ‘पॉलिमॉर्फिझम’ अर्थात बहुरूपता म्हणतात. चॉकलेटमधील कोको बटरची अशी सहा रूपे मानली जातात. उन्हात वितळून पुन्हा घट्ट झालेले चॉकलेट पांढरट दिसते, ते रूप बदलल्यामुळे. चॉकलेटमध्ये फक्त चव आणि चकाकी जाते. औषधात मात्र विरघळण्याचा वेग बदलतो आणि गोळी पोटात जाऊनही पुरेसे औषध रक्तात पोहोचत नाही.

रिटोनाविरचे काय झाले?

१९९८ मध्ये कॅप्सूलमध्ये औषधाचे दुसरे रूप तयार होऊ लागले. ते अधिक स्थिर होते, पण खूपच कमी विरघळत होते. एकदा हे रूप कारखान्यात शिरल्यावर जुने रूप बनवणे अवघड झाले. अॅबट कंपनीला औषधाची घडण नव्याने करावी लागली. तोवर रुग्णांना द्रवरूप औषधावर भागवावे लागले.

केंब्रिजच्या प्रयोगात काय आढळले?

डायसल्फाइड म्हणजे गंधकाचे दोन अणू एकमेकांना जोडलेले संयुग. प्रयोगातील संयुगांमध्ये दोन्ही बाजूंना बेंझिनसारखी कडी होती. अॅना बेलेंगेर, जेरेमी सँडर्स आणि सहकाऱ्यांनी अशी दोन संयुगे पोलादी गोळ्या असलेल्या बॉल मिलमध्ये, किंचित उत्प्रेरक घालून दळली. गंधकाचे बंध तुटून नव्याने जुळले आणि दोन्हींचे अर्धे-अर्धे भाग असलेले तिसरे संयुग तयार झाले. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

* कोरडे दळल्यास या संयुगाचे ‘ए’ रूप मिळते.
* द्रावकाचे काही थेंब टाकून दळल्यास ‘बी’ रूप मिळते.
* थेंब टाकून किंवा न टाकता पुन्हा दळल्यास एक रूप दुसऱ्यात बदलते.

थेंबभर द्रावकाने एवढा फरक कसा?

उत्तर कणाच्या पृष्ठभागात आहे. १० × १० × १० असे रचलेले १००० ठोकळे घ्या. त्यातले ४८८, म्हणजे जवळपास निम्मे, बाहेरच्या थरात असतात. बाजू १०० ठोकळ्यांची केली तर हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर येते. दळताना कण नॅनोमीटरच्या पातळीवर येतात, तेव्हा पृष्ठभागावरील रेणूंचे वजन वाढते. द्रावक त्या पृष्ठभागाला चिकटून एखाद्या रूपाला आधार देतो. त्यामुळे मोठ्या स्फटिकात अधिक स्थिर असलेले रूप बारीक कणांत मागे पडू शकते. २०१६ मध्ये याच गटाने कणांचा आकार मोजून आणि संगणकीय गणिते करून हे दाखवले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात रिटोनाविरची रूपेही दळून एकमेकांत बदलता आली.

भारतासाठी महत्त्व काय?

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार, परिणामकारकतेत लक्षणीय फरक नसेल तर नवे स्फटिकरूप हा नवा पदार्थ मानला जात नाही. याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’च्या बीटा स्फटिकरूपाचे पेटंट नाकारले. त्यामुळे स्वस्त जेनेरिक औषधांचा मार्ग मोकळा राहिला.

जेनेरिक औषध बनवणाऱ्यांसाठी यातला व्यवहारी धडा सरळ आहे. दळणे म्हणजे नुसते बारीक करणे नव्हे. किती वेळ, किती कोरडे किंवा ओले दळले, यावरही रूप ठरू शकते. म्हणूनच दळल्यानंतर भुकटीची क्ष-किरण चाचणी महत्त्वाची ठरते. प्रत्येक रूपाचा क्ष-किरण आलेख बोटाच्या ठशासारखा वेगळा असतो आणि रासायनिक सूत्र तपासून जे कळत नाही, ते त्यातून कळते.