एका गाडीत बसून अख्खा रस्ता मोजताना

एखाद्या रस्त्यावरून मिनिटाला किती गाड्या जातात आणि तो पार करायला त्यांना सरासरी किती वेळ लागतो, हे दोन्ही एकाच गाडीत बसून सांगता येईल? कॅमेरा नाही, उपग्रह नाही. हाताशी फक्त घड्याळ, कागद आणि पेन्सिल. येते, असे ब्रिटनमधल्या रोड रिसर्च लॅबोरेटरीच्या जॉन ग्लेन वॉर्डरॉप आणि चार्ल्सवर्थ यांनी 1954 साली दाखवून दिले. वाहतुकीच्या गणितात याहून देखणे काही मला तरी माहीत नाही.

पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या मोजायच्या आहेत असे धरा. आपण पूर्वेच्या टोकाहून निघून पश्चिमेकडे जायचे आणि समोरून भेटणारी प्रत्येक गाडी मोजायची. पश्चिमेच्या टोकाला पोचताच वळायचे आणि त्याच प्रवाहातून परत यायचे. येताना कोण आपल्या पुढे निघून गेले आणि आपण कोणाला मागे टाकले, एवढेच टिपायचे. समजा जाताना 4 मिनिटांत 52 गाड्या भेटल्या. परतीला 6 मिनिटे लागली. 1 गाडी पुढे गेली, 3 मागे पडल्या. 52 मध्ये 1 मिळवून 3 वजा केले की 50. दहा मिनिटांत 50, म्हणजे मिनिटाला 5.

हे बरोबर कसे येते? समोरून भेटलेली प्रत्येक गाडी आपण परतेपर्यंत पूर्वेच्या टोकातून बाहेर पडलेली असते. अपवाद फक्त आपण मागे टाकलेल्यांचा. त्या अजून वाटेतच असतात. उलट आपल्यामागून रस्त्यावर येऊन पुढे निघून गेलेली गाडीही बाहेर पडलेली असते. मधे फाटे नसतील तर हिशेबातून एकही गाडी निसटत नाही! आणि वेळही त्याच आकड्यांत दडलेला आहे. आपण एकंदरीत 2 गाड्यांनी पुढे आलो, मिनिटाला 5 गाड्या जातात, म्हणजे आपण 0.4 मिनिट लवकर आलो. बाकीच्यांना सरासरी 6.4 मिनिटे लागली.

वॉर्डरॉप यांनी 1952 सालीच सरासरी वेगातली एक मेखही उलगडून दाखवली होती. एक गाडी ताशी 60 मैलांनी, दुसरी 20 मैलांनी गेली, तर सरासरी 40 वाटते. पण एका मैलाला पहिलीला 1 मिनिट लागते, दुसरीला 3. दोघींचे मिळून 4 मिनिटांत 2 मैल झाले, म्हणजे ताशी 30. रस्ता संथ गाड्यांनीच जास्त वेळ व्यापलेला असतो.

आज पेन्सिलीची जागा जीपीएसने घेतली आहे. ब्रिटिश सरकारचे वाहतूक खाते इंग्लंडमधल्या मोठ्या स्थानिक रस्त्यांचा खोळंबा दर गाडीमागे, दर मैलामागे किती सेकंद, असा मांडते. खोळंबा म्हणजे प्रत्यक्ष लागलेला वेळ वजा रस्ता मोकळा असताना लागणारा वेळ. सगळी खुबी या ‘मोकळा’मध्ये आहे.

उदाहरणार्थ, वेल्समध्ये 17 सप्टेंबर 2023 पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांची वेगमर्यादा ताशी 30 वरून 20 मैलांवर आली. अशा रस्त्यावरचा एक मैल मोकळ्या वेळी 2 मिनिटांऐवजी 3 मिनिटांचा होतो. गर्दीत त्याला आधीही 4 मिनिटे लागत आणि आताही 4च लागतात असे धरू. मग खोळंबा 2 मिनिटांवरून 1 मिनिटावर येतो. कागदावर कोंडी निम्मी होते, पण एकही माणूस लवकर घरी पोचत नाही. (मर्यादा चुकीची आहे असे मी म्हणत नाही, ती रस्त्यावरच्या माणसांच्या जिवासाठी आहे. मोजणाऱ्याने मात्र जपायला हवे.)

शहरांच्या जागतिक याद्यांनाही हेच लागू आहे. टॉमटॉम या नेव्हिगेशन कंपनीच्या 2024च्या यादीत सर्वांत संथ शहरांमध्ये पुणे चौथे आणि लंडन पाचवे होते. दोन्हीकडे 10 किलोमीटरला सरासरी 33 मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला; फरक काही सेकंदांचा. पण त्याच यादीत कोंडीची टक्केवारीही दिलेली असते, म्हणजे मोकळ्या रस्त्याच्या मानाने किती वेळ वाढला ते. दोन्ही शहरांत ती साधारण एक तृतीयांश होती. म्हणजे त्या 33 पैकी 25 मिनिटे कोंडी नसतानाही लागणारच होती. गर्दीने खाल्ली ती उरलेली 8.