तीन महिन्यांचे अन्न आणि डॉक्टरांची सही

वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत अमेरिकेतील अन्नसाहाय्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, त्या योजनेतील एका कठोर कलमाचा भार अखेर डॉक्टरांच्या दाखल्यावर येऊन पडतो. बेकार, धडधाकट आणि घरात लहान मूल नसलेल्या प्रौढ व्यक्तीला तेथील सरकार छत्तीस महिन्यांत केवळ तीन महिने अन्नासाठी मदत देते. त्यानंतर मदत थांबते. ती व्यक्ती काम करण्यास असमर्थ आहे असे वैद्यकीय क्षेत्रातील कुणी लिहून दिले, तर मात्र ही मुदत तिला लागू होत नाही. बडोद्यातील कितीतरी मराठी डॉक्टरांच्या घरांतील पुढची पिढी आज अमेरिकेत रेसिडेन्सी वा व्यवसाय करीत आहे. असे कागद त्यांच्या टेबलावर येतात आणि पुष्कळदा तसेच पडून राहतात. म्हणून हा विषय दूरचा वाटला तरी तितकासा परका नाही.

या योजनेचे मूळ १९३९ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात सुरू झालेल्या प्रयोगात आहे. गरजू माणसाने एक डॉलरची नारिंगी तिकिटे विकत घेतली की त्याला पन्नास सेंटची निळी तिकिटे फुकट मिळत, आणि त्या निळ्या तिकिटांवर शेतकऱ्यांकडील अतिरिक्त माल घेता येई. महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, हा प्रयोग थांबला. अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये तो पुन्हा सुरू केला आणि १९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकिर्दीत त्यास कायद्याचे रूप मिळाले. तथापि तिकिटे विकत घेण्याची अट तशीच राहिली. ज्याच्या हाती रोख पैसाच नाही त्याने तिकीट घ्यावे कशाने?

येथे आपल्या व्यवसायातील काही मंडळींचा गौरवाने उल्लेख करावयास हवा. १९६७ मध्ये फील्ड फाउंडेशन या संस्थेने काही डॉक्टरांना मिसिसिपी राज्यात पाठविले. त्यांत मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स होते, रेमंड व्हीलर होते. कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या मुलांना तपासून या डॉक्टरांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली की, जगातील सर्वांत श्रीमंत देशात मुले अन्नावाचून आजारी पडत आहेत. या साक्षीने देशात खळबळ माजली. पुढे तिकिटे विकत घेण्याची अट १९७७ च्या कायद्याने रद्द झाली. त्याच वर्षी डॉक्टरांचे पथक पुन्हा तेथे गेले, तेव्हा उघड कुपोषण पुष्कळच कमी झालेले त्यांना आढळले. निदान, साक्ष आणि फेरतपासणी असा हा क्रम सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल.

वीस वर्षांनी वारे फिरले. गरीब माणसाला सरकारी मदतीची सवय लागते आणि तो काम टाळतो, हा विचार दोन्ही पक्षांत रुजला होता. २२ ऑगस्ट १९९६ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी कल्याणयोजनांच्या सुधारणेचा जो कायदा सही करून अमलात आणला, त्यात हे तीन महिन्यांचे कलम होते. ओहायो राज्याचे प्रतिनिधी जॉन केसिक आणि बॉब ने यांच्या दुरुस्तीतून ते आले. अन्नसाहाय्यातील कपात प्रमाणाबाहेर आहे, अशी नापसंती क्लिंटन यांनी त्याच वेळी व्यक्त केली होती. पण सही झाली ती झालीच. कायदेशीर मार्गाने आलेल्या बहुसंख्य परदेशी नागरिकांची अन्नतिकिटेही याच कायद्याने बंद केली, ही गोष्ट तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना ठाऊक असेलच.

या कलमाचे गणित समजून घेण्याजोगे आहे. मूळ कायद्यात अठरा ते एकोणपन्नास वयाच्या व्यक्ती येत. महिन्याला ऐंशी तास काम, किंवा तितकेच तास मान्यताप्राप्त प्रशिक्षण, किंवा मदतीच्या बदल्यात विनावेतन काम, यांपैकी एक गोष्ट सिद्ध न झाल्यास तो महिना मुदतीत मोजला जातो. असे तीन महिने भरले की उरलेल्या तेहतीस महिन्यांसाठी दार बंद. मध्यंतरी तीस दिवसांत ऐंशी तास काम करून दाखविले, तर ते पुन्हा उघडते. नुसते काम शोधीत फिरणे या हिशेबात धरले जात नाही. दिवसाला दहा दुकानांचे उंबरे झिजविणारा माणूस आणि घरी झोपून राहणारा माणूस कायद्याच्या लेखी एकच. आणि मदत तरी किती? ऑक्टोबर २०२५ पासूनच्या वर्षासाठी एकट्या माणसाला महिन्याला जास्तीत जास्त २९८ डॉलर, म्हणजे दिवसाला दहा डॉलरच्या आत. ही रक्कम रोख मिळत नाही; एका कार्डावर जमा होते. त्यातून मद्य, तंबाखू वा शिजवलेले गरम अन्न घेता येत नाही. विनावेतन कामाचे तास या रकमेला किमान वेतनाने भागून ठरतात. केंद्राचे किमान वेतन २००९ पासून ताशी सव्वासात डॉलर असल्याने, तेच वेतन लागू असलेल्या राज्यात पूर्ण मदतीसाठी महिन्याला सुमारे एक्केचाळीस तास भरतात. ही अट मला अवाजवी वाटत नाही. परंतु असे काम किंवा प्रशिक्षणाची जागा उपलब्ध करून देण्याचे बंधन राज्यावर नाही. राज्याने काहीच देऊ केले नाही तरी महिने मोजले जातात.

बेकारी फार असलेल्या भागांना या मुदतीतून सूट मागण्याची तरतूद पहिल्यापासून होती. मंदीच्या काळात, एप्रिल २००९ ते सप्टेंबर २०१०, मुदत देशभर स्थगित होती. सवलती संपल्या तशी ती परत येऊ लागली. जानेवारी २०१६ मध्ये वीसहून अधिक राज्यांतील बेकारांवर ती पुन्हा लागू झाली. डिसेंबर २०१९ मध्ये शेती खात्याने सूट देण्याचे नियम आवळले. या नियमाने सुमारे ६,८८,००० माणसे वगळली जातील असा त्या खात्याचाच अंदाज होता. न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये तो नियम रद्द ठरविला. तोवर कोविडची साथ आली होती आणि संसदेने मुदत स्थगित केली होती. २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने चोपन्नपर्यंत नेली. मात्र बेघर, माजी सैनिक आणि अनाथसंगोपनातून बाहेर पडलेल्या तरुणांना वगळले.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे वळू. हे सारे कलम ज्या शब्दावर उभे आहे तो शब्द म्हणजे 'धडधाकट'. हा शब्द वैद्यकीय दिसतो. प्रत्यक्षात तो वैद्यकीय तपासणीतून आलेला नाही. कुणालाही तपासून धडधाकट ठरविले जात नाही. वय बसते, घरात मूल नाही, अपंगत्वाचा भत्ता चालू नाही, एवढे कागदावर दिसले की माणूस धडधाकट धरला जातो. गर्भवती स्त्रिया, अर्धवेळ वा पूर्णवेळ विद्यार्थी, आजारी माणसाची शुश्रूषा करणारे आणि व्यसनमुक्तीचे उपचार घेणारे वगळले जातात. बाकीच्यांनी आपण आजारी आहोत हे स्वतः सिद्ध करावयाचे.

नियमात दोन वाटा आहेत. असमर्थता उघड दिसत असेल तर कचेरीतील कारकुनाने ती नोंदवून सूट द्यावी. उघड दिसत नसेल तर वैद्यकीय निवेदन आणावे. पहिल्या वाटेची गंमत अशी की तेथील मुलाखत पुष्कळदा दूरध्वनीवर होते. दूरध्वनीवरून काय उघड दिसणार? आणि समोरासमोर बसले तरी कमरेच्या मणक्याचे दुखणे, महिन्यातून दोनदा येणारी फेफऱ्याची झटक, तीव्र नैराश्य किंवा स्किझोफ्रेनियाची सुरुवात ही कोणत्या कारकुनाला खिडकीपलीकडून दिसेल? आपल्याला रोग्याला समोर बसवून, पुन्हा पुन्हा बोलावून जे कळते, ते कधी कधी तिसऱ्या भेटीत कळते.

दुसरी वाट दाखल्याची. त्यासाठी डॉक्टर गाठावा लागतो, आणि डॉक्टर गाठायला विमा लागतो. मूल नसलेल्या गरीब प्रौढास मेडिकेड हा सरकारी आरोग्यविमा पूर्वी बहुतेक राज्यांत मिळत नसे. २०१४ पासून पुष्कळ राज्यांनी तो या वर्गाला खुला केला. टेक्सास, फ्लोरिडा यांसारख्या काही राज्यांनी केला नाही. त्यामुळे ज्याचा आजार अधिक दुर्लक्षित, त्याच्याकडेच दाखला नसण्याचा संभव अधिक. ओहायोतील फ्रँकलिन काउंटीत अन्नपेढ्यांच्या संघाने अशा 'धडधाकट' लोकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा सुमारे तिघांपैकी एकाने काही शारीरिक वा मानसिक मर्यादा सांगितली. ओहायोने २०१३ मध्ये बहुतेक काउंट्यांत ही मुदत पुन्हा लागू केली त्या वेळी तेथील गव्हर्नर होते तेच जॉन केसिक.

मुदतीमुळे माणसे कामाला लागतात काय, हा खरा प्रश्न आहे. समर्थकांचे म्हणणे सरसकट धुडकावून लावण्यासारखे नाही. करदात्याचा पैसा आहे, कमी पगारावर राबणारा शेजारी आहे, आणि काम माणसाला नुसते पैसे देत नाही, दिनक्रम व प्रतिष्ठाही देते, हे आपल्याला रुग्णांच्या अनुभवावरून पटण्याजोगे आहे. परंतु मोजमाप झाले आहे ते पाहावे. व्हर्जिनिया राज्यात पन्नाशीची मर्यादा असताना अर्थशास्त्रज्ञांनी एकोणपन्नास आणि पन्नास वयाच्या आसपासच्या लोकांची तुलना केली. वयात काही महिन्यांचा फरक. एका गटास अट लागू, दुसऱ्यास नाही. निसर्गानेच केलेली ही क्लिनिकल ट्रायल म्हणावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अट लागू असलेल्यांचा योजनेतील सहभाग ५३ टक्क्यांनी घटलेला आढळला. रोजगारात मात्र वाढ आढळली नाही. गळलेल्यांत बेघरांचे प्रमाण विशेष होते. औषधाची अशी चाचणी आपल्यापुढे आली असती, तर परिणाम शून्य आणि दुष्परिणाम ठळक असे म्हणून आपण ते औषध बाजूला ठेवले असते.

अन्न थांबल्याचे शरीरावर होणारे परिणाम आपल्याला सांगावयास नकोत. तरी एक अभ्यास येथे नमूद करण्याजोगा आहे. हिलरी सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील २००० ते २००८ या काळातील रुग्णालयीन नोंदी तपासल्या. अल्प उत्पन्न गटात रक्तशर्करा घसरल्याने दाखल होण्याचे प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी अधिक होते. सुस्थितीतील लोकांत असा चढउतार नव्हता. महिन्याच्या अखेरीस पैसे व अन्न संपत येतात, पण इन्सुलिन वा गोळी नेहमीच्याच मात्रेने घेतली जाते. हे झाले मदत चालू असताना. ती तीन महिन्यांनंतर थांबते तेव्हा महिन्याचा शेवटचा आठवडा पहिल्या तारखेपासूनच सुरू होतो. मधुमेहाच्या रुग्णाने डोस चुकविला की आपण रागावतो. त्याच्या घरी काय शिजले हे विचारीत नाही.

काम आणि अन्न यांची सांगड घालण्याचा दुसरा मार्ग मराठी वाचकांना परिचित आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात आकारास आलेल्या आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप घेतलेल्या रोजगार हमी योजनेत, जिचे शिल्पकार वि. स. पागे होते, काम मागणाऱ्याला ते देण्याची जबाबदारी शासनावर टाकली होती. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता द्यावा अशी तरतूद होती. त्या योजनेच्या अंमलबजावणीतील उणिवा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत आणि दोन देशांची तुलना फार ताणू नये. तरीही तेथे मुदत शासनाला घातली होती, येथे ती उपाशी माणसाला घातली आहे, एवढा फरक ठळक आहे.

४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने हे कलम आणखी कडक झाले. वयोमर्यादा चौसष्टपर्यंत गेली. ज्यांचे सर्वांत धाकटे मूल चौदा वर्षांचे झाले आहे असे पालकही त्यात आले. २०२३ मध्ये बेघर, माजी सैनिक व अनाथसंगोपनातील तरुणांना दिलेली सूट काढून घेण्यात आली. मूळ अमेरिकन जमातींना मात्र ती दिली. सूट मागण्यासाठी आता बहुतेक राज्यांत दहा टक्क्यांहून अधिक बेकारी दाखवावी लागते. कामाच्या अटींतील या बदलांमुळे सरासरी महिन्यात सुमारे २४ लाख माणसे योजनेतून कमी होतील, असा संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब आहे.

पंचावन्न ते चौसष्ट हे वय आपल्या बाह्यरुग्ण विभागात कशासाठी येते ते पाहा: झिजलेले गुडघे, धूम्रपानाने निकामी झालेली फुप्फुसे, मधुमेहाने अधू झालेली नजर, पहिल्या हृदयविकारानंतरचा थकवा. अपंगत्वाचा भत्ता मिळण्याइतके हे आजार बहुधा गंभीर ठरत नाहीत, आणि आठवड्याला वीस तास गोदामात उभे राहण्याइतकी ताकदही उरलेली नसते. यापुढे यांना दाखला लागणार. तिकडे व्यवसाय करणाऱ्या तरुण डॉक्टरांचा समज असा असतो की हे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आहे, त्यास मंडळ लागते, कोर्टकचेरी होते. म्हणून ते सही टाळतात. वस्तुतः नियमाला हवे असते ते एवढेच निवेदन की, ही व्यक्ती शारीरिक वा मानसिकदृष्ट्या नोकरी करण्यास असमर्थ आहे. कायम असमर्थ असण्याची गरज नाही. डॉक्टरांखेरीज परिचारिका, परवानाधारक मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, इतकेच नव्हे तर डॉक्टरांच्या कार्यालयातील नेमलेली व्यक्तीही ते देऊ शकते. कचेरीने दिलेला छापील कागद भरायला पाच मिनिटे पुरतात. तो रुग्णाच्या खिशात असतो, आणि बहुतेक वेळा विचारल्याशिवाय तो बाहेर काढीत नाही.