विश्लेषण : बाबा मुंबईत, मूल आजीकडे, मग शाळेत ‘पालक’ कोण? शिक्षक, घर आणि मार्गदर्शक यांची मोट कशी बांधायची?

रत्नागिरी जिल्ह्यात जून उजाडला की शाळा आणि शेती एकदमच सुरू होतात. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिल्या पालक सभेचा मेसेज येतो, तेव्हा आई शेतात असते, बाबा मुंबईत कामाला असतात आणि मुलाचे दप्तर आजी भरत असते. सभेला कोणीच येत नाही. शाळेला वाटते, पालकांना काळजी नाही. घराला वाटते, शिकवणे हे गुरुजींचे काम. या दोघांच्या मध्ये मूल कधी मागे पडते, हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊही तालुक्यांत हे चित्र ओळखीचे आहे. यातून वाट काढण्यासाठी कायदा काय सांगतो, अभ्यास काय सांगतात आणि घरच्या घरी काय करता येते, ते समजून घेऊया.

दहावीत कोकण पहिला, मग अडचण कुठे?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी राज्य मंडळाचा स्वतंत्र कोकण विभाग आहे आणि त्याचे कार्यालय रत्नागिरीत आहे. दहावीच्या निकालात हा विभाग सातत्याने राज्यात अव्वल राहिला आहे. आकडे असे :

- २०२२ : कोकण ९९.२७ टक्के, राज्य ९६.९४ टक्के
- २०२३ : कोकण ९८.११ टक्के, राज्य ९३.८३ टक्के
- २०२४ : कोकण ९९.०१ टक्के, राज्य ९५.८१ टक्के
- २०२५ : कोकण ९८.८२ टक्के, राज्य ९४.१० टक्के

हे यश मोठेच आहे. पण निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्या मुलांची असते. तिसरीत वाचायला अडखळणारे मूल त्या आकड्यात दिसत नाही. ‘असर’ २०२४ च्या अहवालानुसार, देशभरातील ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे खरी गळती दहावीत होत नाही, तिची सुरुवात तिसरीतच होते. त्या वयात मूल स्वतःहून ‘मला जमत नाही’ असे सांगत नाही. ते गप्प बसते, नाही तर पोटात दुखते म्हणून घरी राहते.

कोकणात आणखी एक अडचण आहे. डोंगर, पऱ्ये आणि लांब लांब विखुरलेल्या वाड्यांमुळे इथे कमी पटाच्या शाळा खूप आहेत. अशा शाळेत एक-दोन शिक्षक अनेक इयत्ता एकत्र सांभाळतात. कमी पटाच्या शाळांतील शिक्षकांची पदे ठरवणारा १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय कोकणात वादाचा ठरला, तो याच कारणाने. शिक्षक कमी असतील, तर घर आणि गाव यांचा वाटा आपोआप वाढतो.

कायदा ‘पालक’ कोणाला म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात आई-वडिलांबरोबरच ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आणि ताबा आहे, अशा व्यक्तीचाही ‘पालक’ म्हणून विचार केला आहे. सोप्या शब्दांत, आई-बाबा मुंबईत असतील आणि मूल आजीकडे वाढत असेल, तर आजीही पालकच आहे. ती सभेला येऊ शकते, प्रगती विचारू शकते आणि शाळा व्यवस्थापन समितीवरही जाऊ शकते. ‘आई-बाबांनाच पाठवा’ हा आग्रह अनेक घरांच्या बाबतीत सभा रिकामी ठेवण्यापलीकडे काही साधत नाही.

शाळा व्यवस्थापन समिती नेमके काय करते?

कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत ही समिती असते.

- किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात.
- निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात.
- दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात.
- महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात.

शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवणे, ही समितीची कामे आहेत. अनुदानित शाळांत मात्र तिची भूमिका सल्ल्यापुरती असते. खासगी शाळांसाठी राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात पालक-शिक्षक संघाची तरतूद आहे.

प्रत्यक्षात अनेकदा समिती म्हणजे रजिस्टरवर सही, एवढाच अर्थ उरतो. रंगरंगोटी, शौचालय आणि स्नेहसंमेलन यांवर चर्चा होते. ‘चौथीत किती मुलांना सरळ वाचता येते?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो विचारण्याचा अधिकार पालकांना आहे.

शिक्षकांकडून कायद्याची अपेक्षा काय?

कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहणे, गरज असेल तर जादा मार्गदर्शन करणे आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती देणे, हे त्यांचे काम आहे. त्याच कायद्याचे कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई करते. म्हणजे मागे पडलेल्या मुलासाठी शाळेतच जादा मदत मागणे ही मेहेरबानीची याचना ठरत नाही.

पाचवी आणि आठवीचा बदल का महत्त्वाचा?

पूर्वी आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ मधील दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीत परीक्षा घेण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्राने २०२३-२४ पासून ती लागू केली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षा घ्यायची असते. त्यातही ते उत्तीर्ण झाले नाही, तर त्याच वर्गात ठेवता येते.

ही फेरपरीक्षा निकालानंतर दोन महिन्यांच्या आत होते, म्हणजे तयारीचा काळ नेमका उन्हाळी सुट्टीत येतो. त्या वेळी कोकणात आंब्या-काजूची धांदल असते, लग्नसराई असते आणि अनेक मुले मुंबईला गेलेली असतात. शाळेने घराला वेळेत कळवले नाही, किंवा घराने ते मनावर घेतले नाही, तर मुलाचे अख्खे वर्ष जाऊ शकते. म्हणून निकालाची वाट न पाहता पहिल्या सत्रानंतरच बोलणे गरजेचे आहे.

मार्गदर्शक म्हणजे शिकवणीचे सर नव्हेत

शिक्षक आणि पालक यांच्याशिवाय तिसरी व्यक्ती कशाला, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे एक उत्तर मुंबईत मिळाले. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमात मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत तिसरी-चौथीची मागे पडलेली मुले रोज सुमारे दोन तास वस्तीतल्याच एका तरुणीकडे बसत. या बालसखींकडे शिक्षणशास्त्राची पदवी नव्हती. त्या मुलांच्याच परिसरातल्या होत्या आणि मुलांना जिथे अडते तिथून शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची शास्त्रीय चाचणी केली. मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले आणि सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. बॅनर्जी आणि डफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मुद्दा साधा आहे. मार्गदर्शक विद्वान असलाच पाहिजे असे नाही. तो ठरल्या वेळी येणारा आणि मुलाला न रागावणारा हवा. वाडीतली बारावी झालेली ताई, निवृत्त गुरुजी किंवा मुंबईतून आठवड्याला एक फोन करणारा इंजिनीअर दादा, कोणीही चालेल.

दापोलीच्या एका मुलाची गोष्ट

रत्नागिरी जिल्ह्याला हे सूत्र नवे नाही. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी खेड तालुक्यातील शेरवलीचा. बालपण दापोलीजवळच्या मुरूडमध्ये गेले. घरची परिस्थिती बेताची होती. गावातले शिक्षक सोमण मास्तर यांनी त्यांना अभ्यासाबरोबर समाजाच्या कामाचीही गोडी लावली.

परीक्षेसाठी कर्वे सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. तिथे ‘वय लहान दिसते’ म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. एवढी पायपीट वाया गेल्यावर एखादे मूल शाळाच सोडून देते. कर्वे पुन्हा अभ्यासाला बसले. पुढे १८८१ मध्ये मॅट्रिक आणि १८८४ मध्ये पदवी मिळवून ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

जिद्द त्यांची स्वतःची होती, यात शंका नाही. पण अपयशानंतर मुलाला पुन्हा अभ्यासाला बसवायला घर आणि गुरुजी दोन्ही लागतात, हेही तितकेच खरे.

ग्रुपवरचा मेसेज पुरतो का?

करोनाकाळात शाळा बंद असताना बोत्सवानामध्ये एक प्रयोग झाला. काही पालकांना फक्त गणिताचे एसएमएस पाठवले, तर काहींना एसएमएससोबत दर आठवड्याला सुमारे २० मिनिटांचा फोन केला. नुसत्या मेसेजचा परिणाम नगण्य होता. फोन जोडल्यावर मात्र मुलांचे गणित सुधारले. आपल्याकडे ग्रुपवर दिवसाला डझनभर सूचना पडतात आणि त्याखाली अंगठ्याची रांग लागते. महिन्यातून पाच मिनिटांचा एक फोन त्याहून जास्त काम करतो.

आई-आजीला लिहिता-वाचता येत नसेल तर?

तरीही मदत करता येते. राज्यात २०२२ पासून पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राबवले जाते. त्यात मातांचे गट केले जातात, त्यांच्यातल्या एकीकडे पुढाकार दिला जातो आणि शिक्षक, अंगणवाडी सेविका व स्वयंसेवक सोबत असतात. डाळ-तांदूळ वेगळे करणे, भांडी लहान-मोठी लावणे, पायऱ्या मोजणे अशा घरातल्याच कामांतून मूल शिकते. आजीने ‘आज शाळेत काय झाले, सांग बघू’ एवढे रोज विचारले, तरी मुलाला शब्द जुळवावे लागतात. अक्षर न येणाऱ्या आजीला मुलाने धडा वाचून दाखवणे, हा तर उत्तम सराव आहे.

प्रत्यक्षात काय करता येईल?

- सभेची वेळ बदला. लावणीच्या दिवसांत दुपारी सभा ठेवली तर कोणी येणार नाही. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात. सुट्टीला लागून सभा ठेवली तर बाबाही भेटतील.
- तीन प्रश्न ठरवा. हजेरी किती? वाचन आणि गणित कोणत्या पातळीवर? घरी नेमके काय करायचे? एवढी उत्तरे घेऊनच उठा.
- बाबांचा वाटा ठरवा. रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलाकडून एक पान वाचून घ्या. ‘किती मार्क?’ ऐवजी ‘काय वाचलेस?’ विचारा.
- मंडळाला कामाला लावा. गावोगावची मुंबईस्थित ग्रामस्थ मंडळे वह्या वाटतात, गुणवंतांचा सत्कार करतात. त्याच मंडळातल्या तरुणांनी एकेका मुलाला आठवड्याचा एक तास दिला, तर वह्यांचाही उपयोग वाढेल.
- शिक्षकांना विचारूनच शिकवा. भागाकाराची शाळेतली पद्धत एक आणि घरातली दुसरी असली की मूल गोंधळते.
- शाळेशी अधिकृतपणे जोडून घ्या. केंद्र सरकारच्या ‘विद्यांजली’ पोर्टलवर स्वयंसेवक म्हणून नोंदणी करता येते.

ही खबरदारी घ्याच

मार्गदर्शक कितीही ओळखीचा असला, तरी मुलाला एकटे पाठवू नये. शाळा, मंदिराची ओसरी, समाजमंदिर किंवा घराची पडवी अशा उघड्या जागी, इतर मुलांसोबत बसवावे. वेळ पालक आणि शिक्षक दोघांना माहीत असावी. मूल जायला नको म्हणत असेल, तर आधी कारण विचारावे. आणि तिघांनी मिळून मुलावर तीनपट दबाव आणू नये. शाळा, घर आणि मार्गदर्शक तिन्हीकडे फक्त अभ्यासच ऐकावा लागला, तर खेळायला जागाच उरत नाही.

थोडक्यात

मुलाला कुठे अडते हे शिक्षकांना कळते, ते का अडते हे घराला ठाऊक असते आणि त्यासाठी बसायला वेळ मार्गदर्शकाकडे असतो. तिघांकडे एकेक तुकडा आहे. तो जोडायला बैठक लागते, फोन लागतो. पुढच्या पालक सभेचा मेसेज आला की अंगठा दाखवून थांबू नका. आईला जमत नसेल तर आजीला पाठवा, आणि संध्याकाळी आजीला फोन करून विचारा, गुरुजी काय म्हणाले?