डोंगरवाटा, दोन चाकांवर (भाग ७) : मुक्कामी एसटीचे रस्ते

मागच्या भागात घाटाच्या चढावर गिअर केव्हा उतरवायचा ते पाहिले. आता रस्त्याकडे वळू. पुण्याच्या पश्चिमेला डोंगर, नद्या आणि धरणांचे काठ हाकेच्या अंतरावर आहेत. तरी रविवारी सकाळी बहुतेक सायकली सिंहगडाचा पायथा, लवासा किंवा ताम्हिणी याच तीन दिशांना निघतात आणि नऊ वाजले की मोटारींच्या रांगेत सापडतात. एक डोंगर ओलांडला, तर पलीकडच्या खोऱ्यात तासाभरात चार दुचाकी आणि एक दुधाची गाडी, एवढीच वाहने दिसतात. अशी खोरी नशिबाने सापडत नाहीत. नकाशावर ती शोधता येतात आणि शोधण्याची एक रीत आहे.

हा सगळा प्रदेश म्हणजे शिवकाळातले बारा मावळ. बाराची यादी सगळीकडे सारखी नाही, पण नावे पडण्याची पद्धत स्पष्ट आहे. बहुतेक मावळांना आपापल्या नदीचे नाव मिळाले: पवनेवरून पवन मावळ, आंद्रेवरून आंदर मावळ, मोशीवरून मोसे खोरे, मुठेवरून मुठे खोरे, गुंजवणीवरून गुंजण मावळ, कानंदीवरून कानद खोरे, वेळवंडीवरून वेळवंड खोरे. नदीच्या दोन्ही अंगांना डोंगररांगा, पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि पूर्वेला मोकळे तोंड, अशी यातल्या बहुतेक खोऱ्यांची ठेवण. गुंजण मावळ शिळीमकर देशमुखांचे, रोहिडखोरे जेध्यांचे, हिरडस मावळ बांदलांचे. एकेका खोऱ्याचा कारभार एकेका घराण्याकडे राहिला, त्याला भूगोलच कारण होता. शेजारच्या खोऱ्यात जायचे तर खिंड चढावी लागे, आणि खिंडी मोजक्याच. डांबरी रस्ते झाले तेही याच आखणीवर. ते नदीच्या कडेने लांबवर जातात, एका खोऱ्यातून दुसऱ्यात मात्र क्वचितच उतरतात.

मग काही खोरी गजबजलेली आणि काही निवांत का? याचे उत्तर पश्चिमेच्या टोकाला आहे. मुळेच्या खोऱ्यातला रस्ता मुळशी धरणावरून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरतो. नीरेच्या खोऱ्यातला रस्ता भोरहून नीरा-देवघर धरणाच्या काठाने वरंध घाटात जातो आणि महाडला पोहोचतो. दोन्ही रस्ते देखणे आहेत, पण कोकणात जाणारी वाहने त्यांच्यावर असतात. कानद, गुंजण आणि वेळवंड खोऱ्यांत कोकणात गाडी उतरवण्याची सोय नाही. सह्याद्रीच्या धारेपाशी फक्त पायवाटा उरतात. त्या रस्त्यांवर तिथल्या गावांचीच ये-जा असते.

असे रस्ते ओळखायची माझी खूण एसटीच्या वेळापत्रकात आहे. ज्या गावाला मुक्कामी गाडी आहे, म्हणजे संध्याकाळी येऊन रात्रभर थांबते आणि पहाटे परत निघते, ते गाव बहुधा रस्त्याच्या शेवटाशी असते. नकाशावर रस्त्याची रेघ जाड की बारीक, यावर मी फार विसंबत नाही. तालुक्याच्या स्थानकात वाहतूक नियंत्रकाला विचारावे, "साहेब, मुक्कामाला गाडी कुठे कुठे जाते?" तो चार-पाच गावे सांगतो आणि महिनाभराच्या रविवारांची सोय होते.

आता चढाबद्दल. घाटमाथ्याच्या या बाजूचे लोक सह्याद्री म्हटले की उभा चढ समजतात. तो कोकणाच्या बाजूने खरा. देशाच्या बाजूला नद्या कड्याच्या अगदी जवळ उगम पावून पूर्वेकडे संथ उतारावरून वाहतात, त्यामुळे नदीच्या उगमाकडे जाताना चढ जाणवतही नाही. नसरापूरहून मार्गासनीवरून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्याचा सरासरी चढ एक टक्क्याहूनही कमी भरेल. दहा किलोमीटरमध्ये शंभर मीटरही नाही. मांड्या भरून येतात त्या एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाताना, खिंडीत.

याला एक मोठा अपवाद आहे. धरणाच्या पाण्याकाठचा रस्ता. धरण झाले की नदीकाठची सपाट जमीन पाण्याखाली जाते आणि तिच्याबरोबर जुना रस्ताही जातो. नवा रस्ता डोंगराच्या उतारावर, पाण्याच्या पातळीच्या वर काढावा लागतो. डोंगराच्या उतारावर दर थोड्या अंतराने एक ओढा असतो. रस्ता प्रत्येक ओढ्याशी आत वळून खाली उतरतो, मोरी ओलांडतो, सोंडेवर परत चढतो आणि पुढच्या ओढ्याला पुन्हा उतरतो. वेळवंडीवरच्या भाटघर धरणाच्या काठाने जाऊन पाहा. सुरुवातीची आणि शेवटची उंची जवळपास एकच, तरी पायांना दिवसभराचा घाट चढल्यासारखे वाटते. म्हणून धरणाकाठची फेरी आखताना फक्त किलोमीटर मोजू नयेत. वाटेत किती ओढे येतात ते नकाशावर बघावे. बहुतेक ठिकाणी तितक्यांदा उतरायचे आणि तितक्यांदा चढायचे.

एक वाट मी सगळ्यांना सांगतो. पुण्याहून भल्या पहाटे निघून खडकवासल्याच्या पुढे खानापूर गाठायचे. तिथून पानशेतचा रस्ता सोडून डावीकडे रांजण्याकडे वळायचे आणि पाबे घाट चढायचा. घाट लांब नाही, पण काही वळणे अशी आहेत की सर्वांत हलका गिअर आधीच टाकून ठेवावा, वळणात शोधत बसू नये. माथ्यावर आलात की पुढे तोरणा आणि राजगड एकदम दिसतात. तोरणा सुमारे चौदाशे मीटर उंच आहे आणि इथून तो पुरा अंगावर येतो. खिंडीच्या अलीकडे पडलेले पाणी मुठेत जाते आणि पलीकडे पडलेले कानंदी-गुंजवणीमार्गे नीरेत. मुठा आणि नीरा शेवटी भीमेलाच मिळतात, पण नीरेचे पाणी त्यासाठी थेट इंदापूर तालुक्यातल्या नीरा नरसिंहपूरपर्यंत जाते. पाणलोट म्हणजे काय हे शाळेच्या पुस्तकापेक्षा या खिंडीत उभे राहिल्यावर नीट कळते.

घाट उतरून वेल्हे. पोटभर खाणे आणि बाटल्या भरणे इथेच उरकावे. पुढे हॉटेल असेलच असे नाही, आणि असले तरी उघडे असेलच असे नाही. वेल्ह्याहून पासलीवरून केळदपर्यंत वीसेक किलोमीटर आहे. शेवटी एक खिंड पुन्हा दमवते. केळदच्या पुढे जमीन संपल्यासारखी तुटते. तो मढे घाट. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठ्याला नेला, असे परंपरा सांगते. आजही तिथून कोकणात उतरते ती पायवाटच. पूर्वेकडे संथ वाहणारे ओढे आणि कड्यावरून पश्चिमेला कोसळणारे पाणी यांच्यात अंतर किती थोडे आहे, ते इथे डोळ्यांनी दिसते.

पावसाळ्यात जाणार असाल तर एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जुलैत या खोऱ्यांत भाताची आवणी चालू असते. चिखलणी करून पॉवर टिलर खाचरातून रस्त्यावर येतो, तेव्हा त्याच्या लोखंडी चाकांतून चिखलाच्या चकत्या डांबरावर पडत जातात. जोराच्या पावसात त्या धुऊन जातात. भुरभूर असेल तर मात्र त्यांचा पातळ थर रस्त्यावर पसरतो आणि डांबराच्या रंगात मिसळून जातो. हा थर हमखास असतो तो खाचराच्या बांधातून रस्त्यावर येण्याच्या जागेपाशी, आणि अशा जागा बहुधा वळणाच्या पोटात असतात. तिथे पोहोचण्याआधीच वेग कमी करा. थरावर गेल्यावर ब्रेक दाबू नका, सायकल तिरकी करू नका, सरळ जाऊ द्या. तोच चिखल रिमवर बसून ब्रेकचे पॅड खातो, म्हणून घरी आल्यावर पॅड पुसून त्यांत रुतलेली खडी सुईने काढावी. भिजलेल्या शेतापेक्षा कोरडी जागा बरी म्हणून गुरेही रस्त्यावरच बसतात. त्यांना घंटी वाजवून उठवू नये. बिचकलेली म्हैस कोणत्या बाजूला वळेल ते सांगता येत नाही. कडेने हळू निघून जावे.

मला विचाराल तर या खोऱ्यांत जायचा उत्तम काळ दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत. ओढ्यांना पाणी असते, रस्ता कोरडा असतो, भात कापणीला येते आणि इंद्रायणी भाताचा वास रस्त्यापर्यंत येतो. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी मढे घाटाचा धबधबा पाहायला मोटारी येतात, तेव्हा निवांत रस्त्याचा सगळा हिशेब चुकतो. तेव्हा जायचेच असेल तर आडवारी जा. निवांतपणाला दुसरा धोका रुंदीकरणाचा. या रस्त्यांची रुंदी वाढली की वाहनांचा वेगही वाढतो, हे ताम्हिणीने दाखवून दिले आहे. कानद खोऱ्यातल्या माणसांना दवाखाना आणि बाजार जवळ हवा, चांगला रस्ता हा त्यांचा हक्क आहे. पण तो करताना शाळेत चालत जाणारी पोरे आणि सायकलवरची माणसे यांच्यासाठी कडेला दोन हात जागा ठेवायला फार खर्च येत नाही. ग्रामसभेत आणि आमदारांकडे आत्ताच ही मागणी करायला हवी. रुंदीकरणाचे काम सुरू झाल्यावर उपयोग नाही.

आता वाऱ्याचे गणित. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो. जाताना तो छातीवर येतो, परतताना पाठीवर. खोऱ्याच्या दोन भिंतींमध्ये त्याचा जोर आणखी वाढतो. त्यामुळे जाताना अपेक्षेपेक्षा बराच जास्त वेळ लागला तरी घाबरू नका, येताना त्यातला काही वेळ भरून निघतो. पुणे ते केळद आणि परत हे एका दिवसात सरावलेल्या माणसालाच जमते. नवख्याने वेल्ह्यात मुक्काम करावा किंवा मोटारीने सायकल खानापूरपर्यंत न्यावी. एका दिवसात परतणारच असाल, तर पाबे घाट उतरताना उजेड हवा म्हणून केळदहून दुपारी एकच्या आत निघा.