नांगराची मूठ, तीन अक्षरी

परवा भाची शब्दकोडं घेऊन बसली होती. 'नांगराची मूठ, तीन अक्षरी, शेवटी णे.' तिने मोबाइलला विचारलं. क्षणात उत्तर आलं, 'मुठणे'. सोबत दोन ओळींचं स्पष्टीकरणही होतं. असा शब्द मराठीत नाही. नांगराच्या मुठीला रुमणे म्हणतात. खोपोलीजवळच्या साजगावच्या घरात बसून हे ऐकावं लागलं, याचा मला राग आला. "मामा, मग शोधायचं तरी कुठे?" असं तिने विचारलं, आणि तिचा प्रश्न रास्त होता. कोड्यात अडलेल्या माणसाला मराठी शब्द सापडावा, अशी सोय आपण आजवर केलेलीच नाही.

शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३चा. आर्थर विन यांनी ते 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापलं. पुढे आपल्याकडे बक्षिसांच्या कोड्यांचं पेव फुटलं. १९५५च्या कायद्याने महिन्याच्या बक्षिसांवर हजार रुपयांची मर्यादा घातली आणि १९५७मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. त्या कोड्यांत शब्दज्ञानापेक्षा नशिबाला किंमत होती. मला त्यांच्याबद्दल जिव्हाळा नाही.

माझा जीव अडकलाय तो ऐंशीच्या दशकात. खोपोलीच्या कारखान्यात तेव्हा मी पाळीवर होतो. पेपर एक आणि सोडवणारे पाच-सहा. पहिली पाळी सुटली की अर्धं भरलेलं कोडं दुसऱ्या पाळीच्या हाती जायचं. ऐरण, घण, भाता हे शब्द कुणाला विचारावे लागत नसत. अडायचं ते शेतीवर, दागिन्यांवर, पुराणातल्या नावांवर. मग संध्याकाळी साजगावात गुरुजींकडे जायचं.

गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांनी एक जाडजूड वही केली होती. कोश पहिल्या अक्षरावरून लावलेला असतो आणि कोडं सोडवणाऱ्याकडे बहुधा नेमकं पहिलंच अक्षर नसतं, ही अडचण त्यांनी ओळखली होती. म्हणून वहीत आधी अक्षरसंख्येचे भाग, आणि प्रत्येक भागात शेवटच्या अक्षराप्रमाणे शब्द. रुमणे तीन अक्षरींत, 'णे'च्या पानावर. शब्दापुढे अर्थ आणि तो शब्द कुठे बोलतात हेही लिहिलेलं. 'लावणीची भाताची रोपं, तीन अक्षरी' असं एकदा आलं. आम्ही छातीठोकपणे 'आवण' लिहिलं आणि उभे शब्द जुळेनात. गुरुजींनी वही उघडून दाखवलं, तळकोकणात 'तरवा'. दोन्ही तीन अक्षरी, दोन्ही खरे. शहरात बसून कोडी रचणाऱ्यांना आमचा आवण ठाऊकच नसायचा, आणि दुसऱ्या दिवशीच्या उत्तरात तो चूक ठरायचा. ते मला तेव्हाही खुपलं, आजही खुपतं.

वहीतही नसेल तर गुरुजी माणूस सांगायचे. कार्तिकात साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरली की सुक्या मासळीचा बाजार लागतो. 'सोलून सुकवलेली कोळंबी, दोन अक्षरी' हे शाकाहारी गुरुजींना येईना. त्यांनी आम्हाला सरळ यात्रेत पाठवलं. टोपलीमागच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "सोडे रे बाबा." त्याच दमात वाकट्या, जवळा, करंदी असं काय काय सांगितलं आणि ते सगळं त्याच रात्री वहीत चढलं.

दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला, १९५०ला पुरवणी आली. आमच्या वाटणीला तो आला कुलूपबंद कपाटात. किल्ली ज्यांच्याकडे, ते गृहस्थ "कोड्यासाठी कोश काढायचा नसतो" म्हणत. शब्द शोधायला आलेल्या कामगाराला परत पाठवणाऱ्यांनी मराठीची सेवा केली असं मी कधीही म्हणणार नाही.

नव्वदीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाळ्या तुटल्या, मंडळी पांगली. गुरुजी गेले आणि वही रद्दीत गेली.

पुढे संगणक आला तेव्हा मला मोठी आशा वाटली होती. पण मराठी मजकूर बराच काळ ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये अडकून राहिला. पडद्यावर दिसायचा, शोधला की सापडायचा नाही. युनिकोड रुळल्यावर ती अडचण सरली. मोल्सवर्थचा आणि दाते-कर्व्यांचा कोश शोधता येईल अशा रूपात इंटरनेटवर आणला तो शिकागो विद्यापीठाने, आणि त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. तरी कोड्याची गाठ सुटत नाही. दाते-कर्व्यांचं लेखन १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं. तिथे 'कांही' आणि 'कवि', आपण शोधणार 'काही' आणि 'कवी'. कोड्यात 'वि' आणि 'वी' ही दोन वेगळी घरं. शिवाय संगणक अक्षर मोजतो ते आपल्यासारखं नाही. 'स्त्री' कोड्यात एका चौकोनात बसते, युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं होते. त्यामुळे 'तीन अक्षरी, शेवटी णे' हा साधा प्रश्न त्याला तसाच विचारून भागत नाही.

यातलं काहीही अशक्य नाही. कोशातले शब्द चौकोनांप्रमाणे तोडून ठेवायचे, जुनं-नवं लेखन एकमेकांना जोडायचं, अर्थावरून आणि कुठल्याही अक्षरावरून शब्द निघेल असं करायचं, शब्दापुढे मुलूख लिहायचा. एका निवृत्त शिक्षकाने शाईने केलं तेच काम आहे हे. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने जो पैसा आणि जी माणसं उभी राहतील, त्यांच्याकडून मला आधी हे काम हवं आहे. त्यासाठी नुसते छापील कोश पुरणार नाहीत. कर्जत-खालापुरात भातासाठी राब भाजणाऱ्यांकडे आणि यात्रेत टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांकडे आत्ताच जायला हवं. हे शब्द रोज तोंडात असलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत.